उजव्या डोळ्याचा दुखवटा

खलफला मारलं त्या दिवसापासून त्या घरात रडायला बंदी होती. बंदी आईची होती, त्यामुळे पळवाट नव्हती. दारापुढे मांडव पडला नाही, कुराण वाचायला कुणाला बोलावलं नाही, बिनसाखरेची कॉफी चुलीवर चढली नाही. गळा काढायच्या तयारीने आलेल्या शेजारच्या बायकांना तिने उंबऱ्यातच अडवलं. "कसला दुखवटा? माझ्या घरी कुणी मेलेलं नाही. वहदान मरेल त्या दिवशी या, पोटभर रडू." बायका आल्या पावली परत गेल्या. ज्याचा सूड उरलाय त्याचा दुखवटा घ्यायचा नसतो हे त्यांनाही ठाऊक होतं, पण इतक्या कोरड्या डोळ्यांची आई त्यांनी पाहिली नव्हती. थोरल्या मुलाच्या नावावरून गाव तिला उम्म-खलफ, खलफची आई, म्हणे, आणि मुलगा गेल्यावरही तेच म्हणत राहिलं.

आणि नेमका त्याच घरात धाकट्या हरीदीचा उजवा डोळा वाहायला लागला.

भांडण होतं कालव्यावरच्या पंपाचं, पाण्याच्या पाळीचं. वहदानने आधी फावड्याने खलफचा खांदा फोडला. तो चिखलात बसला, तर उठेपर्यंत वाट न बघता तोंडात गोळी घातली. हरीदी ऊस सोडून धावत आला तेव्हा भावाचा जबडा जागेवर नव्हता. स्वतःचा फेटा सोडून त्याने तो बांधला आणि गाढवाच्या गाडीवर त्याला मांडीवर घेऊन घरी आणला. वाटेत खलफ दोनदा त्याच्या कुशीत घुसमटला आणि मग थांबला. पोलीस आले तेव्हा उम्म-खलफ म्हणाली, "मी काही पाहिलं नाही. माझा कुणावर संशय नाही." वहदान तुरुंगात गेला असता तर हाताला कसा लागणार होता? पोलिसांनीही सुटल्यासारखं होऊन कागद मिटला. वहदान गावात राजरोस फिरत राहिला, खांद्याला बंदूक अडकवून, आणि समोर हरीदी दिसला की मुद्दाम रस्त्याच्या मधून चालत.

हरीदीला वहदान मेलेला हवा होता. ते खोटं कशाला बोला. रात्रंदिवस त्याने त्याला मनात मारलं होतं, तोंडात, पोटात, फावड्याने, हाताने. पण मांडीवर घुसमटलेलं ते डोकं त्याच्या हातातून जात नव्हतं. तसं दुसरं डोकं आपल्या हाताने करायचं नाही, एवढंच त्याला पक्कं कळत होतं. हे आईला सांगायची सोय नव्हती. अशा मुलाला नाव असतं गावात, आणि ते नाव बाईवरून असतं.

डोळ्याचं दुखणं जुनं होतं. लष्करातली नोकरी संपवून आला त्या वर्षी ते पहिल्यांदा उठलं. तालुक्याच्या डॉक्टर इरिनीने डोळ्यात पिवळा रंग घातला, निळ्या दिव्याखाली बघितलं आणि आरशात त्यालाही दाखवलं. बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी रेघ उमटली होती.

"ताप आल्यावर लोकांच्या ओठाला फोड येतात ना, त्याच विषाणूचं काम आहे हे," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यात त्याने घर केलंय. मारता येत नाही त्याला. पाठीमागच्या नसेत झोपून राहतो. ऊन, ताप, जागरण, काळजी, काहीही त्याला उठवतं. उठला की बुबुळ कुरतडतो, आणि जाताना डाग ठेवून जातो."

"मग मी करायचं काय?"

"झोपवून ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ गोळी, वर्षानुवर्षं. जावयासारखा सांभाळ त्याला. आणि ऐक, डोळा लाल झाला की तुमचा गावचा औषधवाला स्टिरॉइडचे थेंब देईल. घेऊ नकोस. लाली पळेल, ठणका पळेल, तुला वाटेल बरा झालो, आणि आतमध्ये त्याला मोकळं रान मिळेल. डोळा जाईल हरीदी. कळलं?"

त्याला कळलं होतं. तो शहाण्यासारखा गोळ्या घेत राहिला. कामावर कपाळावर फडकं, उन्हात काळा चष्मा, ताप आला की तालुक्याला धाव. गुऱ्हाळात लोक हसायचे, "हरीदीचा डोळा म्हणजे नवी नवरी." हसू देत. विषाणू झोपलेला होता. भाऊ मेल्यावर मात्र हरीदीला झोप लागली नाही, आणि मालक जागा म्हटल्यावर तोही उठून बसला.

पाणी थांबेना. सकाळी पापणी चिकटलेली, उजेड म्हणजे सुरीचं टोक, आणि गालावरून एकाच बाजूने ओघळ. गोळ्या वाढवल्या होत्या, मलम चालू होतं, डॉक्टरीण म्हणाली होती की वेळ लागेल. वेळ द्यायला गाव बसलेलं नव्हतं. कॉफीखान्यात सोंगट्या मांडून बसलेल्या अबू-दीफने हरीदीला बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे, तुझ्या डोळ्याने दुखवटा घेतला वाटतं? आम्हाला कॉफीला नाही बोलावलंस!"

"डोळा आलाय, काका."

"अर्ध्या तोंडाने रडतोय बघा," अबू-दीफ शेजारच्याला म्हणाला. "उरलेल्या अर्ध्याने सूड घेणार असेल. वहदानला सांगून ठेवायला हवं, डाव्या बाजूने फिरू नको म्हणून."

हरीदीने हातातला चहाचा पेला त्याच्या तोंडावर फोडला. काच गालातून आरपार गेली. अबू-दीफ सोंगट्यांवर पडला तरी हरीदी मारत होता, आणि मारताना त्याचा डोळा आणखीच वाहत होता, त्यामुळे लांबून बघणाऱ्यांना खरंच वाटलं की हा पोरगा रडतोय. चौघांनी मिळून त्याला बाहेर टाकलं.

घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. आईने दार उघडलं आणि त्याच डोळ्यावर सणसणीत थोबाडीत दिली.

"पूस ते!"

"आई, मी रडत नाहीये. दुखणं आहे हे, तुला माहितीये."

"मला माहितीये. गावाला माहितीये का? डॉक्टरणीचा कागद गळ्यात अडकवून फिरणारेस? काल तिकडे विहिरीवर वहदानची बायको म्हणाली, त्यांच्या घरचा राग डोळ्यावाटे वाहून गेला. माझ्या तोंडावर म्हणाली! मी आठ महिने थुंकी गिळून बसलेय आणि तू माझ्या लेकाला गालावरून सांडतोयस!"

दुसऱ्या दिवशी ती गावच्या औषधवाल्याकडे जाऊन एक बाटली घेऊन आली. इवलीशी, लाल टोपीची. "दोन दिवसांत कोरडा होईल म्हणाला. शहाणा आहे तो, तुझ्या डॉक्टरणीसारखं वर्षाचं बोलत नाही. ये, डोकं ठेव."

हरीदीने बाटली हातात घेतली. नाव वाचलं. तेच थेंब. तो बोलणार होता. शब्द जिभेवर आले होते. आणि तेवढ्यात आई, बाटली परत घेता घेता, सहज म्हणाली, "नेम उजव्या डोळ्याने धरतात. तो साफ व्हायला पाहिजे. ऊस संपला की वहदानच्या पोरीचं लग्न आहे. तेव्हा तो दारात उभा असेल."

नेम उजव्या डोळ्याने धरतात.

हरीदीने बाटली सोडली. मग खाली बसला आणि आईच्या मांडीवर त्याने डोकं ठेवलं. कितीतरी वर्षांत ठेवलं नव्हतं. तिने बोटाने पापणी उचलली, "हलू नकोस, राजा," म्हणाली आणि थेंब सोडला. खलफ गेल्यापासून त्या घरात कुणी कुणाला राजा म्हटलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळची गोळी त्याने गुऱ्हाळाच्या चुलाणात टाकली. मग मलम. मग उरलेल्या गोळ्यांची पाकिटं. वर काकवी रटरटत होती, खाली चिपाडं धडधडत होती, त्यात त्याचा डोळा जळून गेला. एक डोळा देऊन दोन माणसं वाचत असतील तर काय महाग आहे, असा त्याचा विचार. वहदान वाचेल, मी खुनी व्हायचा वाचेन. विचार वाईट नव्हता. फक्त त्यात आई धरलेली नव्हती.

थेंबांनी जादू केली. दोन दिवसांत लाली गेली, पाणी आटलं, ठणकासुद्धा बसला. उम्म-खलफ त्याला हाताला धरून बाजारातून फिरवून आणायची, वासरू दाखवावं तशी. अबू-दीफ गालावर टाके घेऊन बसलेला, तो मान खाली घालायचा. घरी काकवी आणि तिळाचं वाटण, पीठ उन्हात फुगवून भाजलेली भाकरी, वर तूप. आणि दुपारी, तोडणी झालेल्या रानात, बंदूक.

बंदुकीतलं तिला कळत होतं. तिचा बाप गावचा रखवालदार, भाऊ नव्हता तिला, उसात घुसणारी कोल्ही तीच मारायची. ती हरीदीच्या मागे उभी राहून त्याचं कोपर उचलायची, गाल बंदुकीवर दाबायची. "श्वास सोड. अर्धा. आता." काकवीचा रिकामा डबा बांधावरून उडायचा आणि तिच्या तोंडावर खूप दिवसांनी काहीतरी हलायचं.

मग डबा उडायचा थांबला. आधी धूसर झाला, मग दोन झाले, मग दुधात बुडाला. ती चिडायची. "लक्ष कुठंय तुझं?" एकदा तिने बंदुकीचा दस्ता त्याच्या बरगडीत घातला. तो कळवळला आणि मनातल्या मनात म्हणाला, थोडेच दिवस आता. रोज रात्री आई थेंब घालायची आणि रोज सकाळी तो डावा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचा. एक दिवस भिंतच दिसली नाही. त्याला हसू आलं.

डोळा गेला तो मात्र एवढ्या शांतपणे गेला नाही. गुऱ्हाळात कढईवरची मळी काढत असताना आत काहीतरी फाटलं. गालावर गरम काही ओघळलं, आणि ते पाणी नव्हतं. हरीदी झाऱ्यासकट खाली कोसळला, कढईच्या काठाला हात लागून भाजला, आणि असा ओरडला की चरकाचे बैल बुजले. कुरतडून कुरतडून पातळ झालेलं बुबुळ फुटलं होतं.

तालुक्याला डॉक्टर इरिनीने तासभर त्यावर काम केलं. ठिगळ लावून डोळ्याचा गोळा वाचवला. नजर नाही. मग तिने त्याच्या सामानातली लाल टोपीची बाटली उचलली आणि तिचा आवाज चढला. "हे? हे घातलंस? मी तुला बजावलं नव्हतं? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डोळा जाईल म्हणून! तू गोळ्या घेतोयस ना? हरीदी, माझ्याकडे बघ. घेतोयस ना?"

हरीदीने पट्टी बांधलेलं तोंड भिंतीकडे फिरवलं. उम्म-खलफ दाराशी उभी होती. तिने डॉक्टरणीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि तिला सगळं समजलं.

डॉक्टरीण पुढे बोलत राहिली, की मागचा पडदा शाबूत आहे. वर्षभर विषाणू झोपून राहिला तर दान आलेलं बुबुळ बसवता येईल, पुन्हा दिसेल. पण गोळी एक दिवस चुकता कामा नये, नाहीतर नवं बुबुळही तो खाईल. हरीदीने मान हलवली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

आई त्याला घेऊन घरी आली. घरात शिरल्यावर तिने दार लावलं, भट्टीतून भाकरी काढायची लांब लाकडी फळी उचलली आणि त्याला मारायला सुरुवात केली. पाठीवर, दंडांवर, पायांवर. तो उभा राहिला. फळी मोडल्यावर ती हाताने मारायला लागली.

"माझ्या हाताने!" ती म्हणत होती. "माझ्या हाताने घालून घेतलंस! मांडीवर झोपून! मी रोज राजा म्हणून, पापणी उचलून, माझ्याच हाताने माझ्या पोराचा डोळा काढला, आणि तू मला काढू दिलास!"

"दुसरं काय केलं असतं? तू ऐकलं असतंस?"

"डावा आहे अजून. डाव्याने शिक."

"तोही देईन," हरीदी म्हणाला. "तू सांग, आजच थेंब आण. मी कुणाला मारणार नाही, आई. मला मार तू हवं तर."

तिचा हात वरच थांबला. मग तिने मोडलेल्या फळीचे तुकडे गोळा करून चुलीत घातले आणि म्हणाली, "बस. जेवून घे." त्यानंतर तिने बंदुकीचं नाव काढलं नाही. हरीदीला वाटलं, जिंकलो. महागात पडलं, पण जिंकलो. बिचारा.

वहदानच्या पोरीचं लग्न भर दुपारी निघालं. ढोल, सनया, आणि रिवाजाप्रमाणे गच्चीगच्चीवरून हवेत गोळीबार. हरीदी अंगणात गाढवाचं खोगीर शिवत बसला होता. पट्टी सुटली होती, डोळ्यात पांढरं दूध साचलेलं. बार उडत होते, सगळीकडून, एकात एक. त्यातला एक त्याच्या डोक्यावरच्या गच्चीतून उडाला.

तो जिना चढून गेला. गच्चीवर चिपाडांच्या ढिगामागे आई पालथी पडली होती, बंदुकीला गाल लावून. तिने श्वास सोडला. खाली, गल्लीच्या टोकाला, पाहुण्यांच्या स्वागताला उभा राहिलेला वहदान पाठीवर पडला होता. गोळी गळ्यातून गेली होती. तो दोन्ही हातांनी गळा धरून पाय झाडत होता आणि बोटांमधून रक्त उसळून पोरीच्या पांढऱ्या झग्यावर उडत होतं. ढोलवाले अजून वाजवतच होते, त्यांना कळायला वेळ लागला. मग किंकाळी उठली.

"आई," हरीदी म्हणाला. "काय केलंस?"

"तुझ्याने होत नव्हतं ते." ती उठली, गुडघे झटकले आणि खाली गेली. चुलीवर कॉफी चढवली, बिनसाखरेची. मग उंबऱ्यात मांडी घालून बसली, डोक्यावरचं वस्त्र मागे ओढलं आणि तिने असा हंबरडा फोडला की गल्लीतल्या बायका, वहदानचं रक्त ओलांडून, तिच्याकडे धावल्या. "खलफ! माझ्या खलफ! माझ्या उंचापुऱ्या लेका!" वर्षाचं रडणं एका दुपारी बाहेर पडत होतं. ती गाल ओरबाडत होती, माती डोक्यात घालत होती, आणि हरीदीला तिची भीती वाटली नाही, कीव आली, आणि तिच्याशेजारी बसावंसं वाटलं.

बसला नाही. गच्चीवर जाऊन त्याने बंदूक उचलली आणि ती घेऊन दारात उभा राहिला. वहदानचा भाऊ कनावी आणि त्यांची माणसं लाठ्या-बंदुका घेऊन येत होती, पण लग्नाच्या बंदोबस्ताला आलेले पोलीस आधी पोहोचले. शिपायांनी गल्ली अडवली. एकाच्या डोक्यात लाठी बसून तो आडवा झाला, तेव्हा हवेत गोळ्या झाडून त्यांनी गर्दी मागे रेटली.

"मी मारलं," हरीदी अधिकाऱ्याला म्हणाला. "माझ्या भावाचा सूड. ही बंदूक. चला."

अधिकाऱ्याने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि त्या पांढऱ्या बुबुळाकडे बघितलं. "तू?"

"डाव्या डोळ्याने मारलं साहेब. डाव्या खांद्यावरून."

अधिकाऱ्याने बंदूक रिकामी केली आणि त्याच्या हातात परत दिली. "तो कोपऱ्यावरचा खांब. धर नेम. चटकन!"

हरीदीने बंदूक उचलली. उचलली आणि सवयीने उजव्या खांद्याला लावली, गाल दाबला, आणि समोर फक्त दूध होतं.

कुणीतरी हसलं. उंबऱ्यातून आई उठली. "जाऊ द्या त्याला साहेब. त्याच्याने माशी मरत नाही. लहानपणापासून असाच आहे, मीच चुकीचं पोर जन्माला घातलं. माझं नाव लिहा. हे बघा," तिने उजव्या गालावरचा बंदुकीचा वळ दाखवला. शिपाई पुढे आले. हरीदी मधे पडला, त्याच्या पोटात लाथ बसली, तो पडला, उठला, पुन्हा पडला. आईला गाडीत चढवताना तिने मागे वळून एवढंच म्हटलं, "कॉफी उतू जातेय. लोक येतील." गाडी गेली.

लोक आलेच. खलफच्या दुखवट्याला, वर्षभर उशिरा, एकेक जण हात मिळवून बसत होता. हरीदी कपात कॉफी ओतत होता. संध्याकाळी कनावी आला. सगळे उठून उभे राहिले. तो दाराबाहेरच थांबला आणि हरीदी बाहेर गेला.

"बाईच्या हातचं रक्त आम्ही बाईच्या नावावर धरत नाही," कनावी शांतपणे म्हणाला. "तुला माहितीये ते. ते तुझ्या नावावर आहे."

"माहितीये."

"पण अर्ध्या आंधळ्याला मारलं तर गाव आमच्या तोंडावर थुंकेल. तालुक्याला तुझा डोळा बदलून देणारेत म्हणे. देऊ देत. बरा हो, मग भेटू. नाही झालास तर असाच बस गुऱ्हाळात, म्हातारा होईपर्यंत. कुणी हात लावणार नाही."

हरीदीने त्याच्याकडे बघितलं. एकाच डोळ्याने, पण नीट. मग खिशातून संध्याकाळची गोळी काढली आणि कनावीच्या देखत, पाण्याशिवाय, गिळून टाकली.